हंगामी राष्ट्रपती पुसून टाकण्याचे सोपे उपाय

परवा भाचीच्या प्रकल्पवहीत १९७७ चे हंगामी राष्ट्रपती बी. डी. जत्ती लाल शाईने खोडून आले. शेजारी शिक्षकांचा शेरा, ‘यादीत नाही’. बरोबरच आहे. दुकानातल्या राष्ट्रपतींच्या तक्त्यावर फक्रुद्दीन अली अहमद संपले की लगेच नीलम संजीव रेड्डी. १९७७ साली मधले साडेपाच महिने देश बहुधा सुट्टीवर होता. ही विद्या तुम्हीही शिकून घ्या.

एक, तक्त्याबाहेर बघायचं नाही.

दोन, माणूस कुठून आला हे विचारायचं नाही. विचारलंत की अडकलात: कोल्हापुरात कायदा शिकला, जमखंडीच्या नगरपालिकेत बसला, पटवर्धनांचं ते संस्थान विलीन झाल्यावर मुंबई राज्यात उपमंत्री, मग म्हैसूरचा मुख्यमंत्री, ओडिशाचा राज्यपाल, उपराष्ट्रपती. एवढं कोण लक्षात ठेवणार?

तीन, आणीबाणी लावणारी सही तेवढी पाठ करायची. २५ जून १९७५, फक्रुद्दीन अली अहमद, पूर्ण गुण. ती २१ मार्च १९७७ ला उठली तेव्हा राष्ट्रपतीपद कोण सांभाळत होतं? अभ्यासक्रमाबाहेर! अहमद ११ फेब्रुवारीला गेले, निवडणूक दारात. इंदिरा गांधींचा राजीनामा कोणाकडे गेला? मोरारजींना शपथ कोणी दिली? तक्त्याने? एप्रिलमध्ये जनता सरकारने नऊ विधानसभा बरखास्त करायला घेतल्या, तेव्हा सहीसाठी आढेवेढे कोणी घेतले? मला ते आढेवेढे पटत नाहीत. बरखास्तीविरुद्धचे राज्यांचे दावे सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिलला फेटाळले होते. दुसऱ्या दिवशी जत्तींनी सही केली. पण त्यांच्याशी भांडायचं तरी माणूस यादीत नको का?

चार, जुलैत रेड्डी आले आणि जत्ती मुकाट परत उपराष्ट्रपती झाले. न भांडणारा माणूस विसरायला सोपा.

पुरे झाली थट्टा. घटनेचं ६५ वं कलम उघडा जरा. उपराष्ट्रपती राष्ट्रपतीचं काम बघतो तेव्हा त्याला सगळे अधिकार असतात. सगळे. हंगामी म्हणून अर्धे नाहीत. पोरीने चार पुस्तकं उलटून बरोबर उत्तर आणलं, तुम्ही ते खोडलंत, वर ‘जास्त शहाणपणा नको’ म्हणून तिलाच ऐकवलंत. लाल पेन उचलण्याआधी एक पान वाचायला काय धाड भरते? आणि तक्ते छापणाऱ्यांनो, पुढच्या छपाईत १९६९ चे हंगामी राष्ट्रपती हिदायतुल्लाही घाला. नागपुरात वकिली केलेला, तिथल्याच हायकोर्टात मुख्य न्यायाधीश झालेला माणूस आहे. निदान नागपूरच्या दुकानांत तरी तो तक्त्यावर दिसू द्या.