‘नाटकाच्या नादाने मुलं बिघडतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले दोन आठवडे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: मुलांच्या डिप्रेशनवर नाटक, गाणी, चित्रं हा उपाय म्हणजे नवं फॅड आहे. आमच्या काळी असलं काही नव्हतं, तरी आम्ही ठणठणीत राहिलो. ज्याच्या अंगात कला नाही त्याला याचा उपयोग शून्य, आणि ज्याच्या अंगात आहे तो अभ्यासातून उठतो. याला शास्त्रीय पुरावा नाही. मूल उदास दिसलं तर मोबाईल काढून घ्या, अभ्यासाला बसवा.

तालुक्याच्या गावात, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, मी सहा वर्षं दर शनिवारी पंधरा ते बावीस वयाच्या मुलामुलींबरोबर नाटकाचं काम करते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘आमच्या काळी असलं काही नव्हतं.’ होतं की! कोकणात नमन-खेळे आणि दशावतार होता, गावोगाव भजनी मंडळ होतं, भोंडला होता, गणपतीतले मेळे होते. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. त्यातून निळू फुले, दादा कोंडके घडले, आणि ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत अशी कितीतरी पोरं तिथे नुसती गाऊन-नाचून आपापल्या संसाराला लागली. मृदंगावर बसणाऱ्या पोराला ‘तुझ्या मनाला बरं वाटेल म्हणून ये’ असं कुणी म्हणत नसे. पण तो आला नाही तर वाडीतून हाक यायची. आणि सगळे ठणठणीत होते हेही खरं नाही. माझ्या आजोळी माडीवरच्या खोलीत एक काका असायचे. पाहुणे आले की त्यांच्याबद्दल बोलायचं नाही, एवढंच आम्हा मुलांना सांगितलेलं होतं.

‘ज्याच्या अंगात कला नाही त्याला उपयोग शून्य.’ याचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण असं मानूनच अनेक आईबाप मुलांना जिन्यापर्यंतसुद्धा आणत नाहीत.

बारावीनंतर नीटसाठी एक वर्ष घरी बसलेला एक मुलगा आईबरोबर आला. पहिले तीन शनिवार तो जिन्यातच बसला. चौथ्या शनिवारी आमच्याकडे हात कमी होते, म्हणून लाईटची केबल त्याच्या हातात दिली. त्याने ती कोपराभोवती गरागरा गुंडाळली. दुसऱ्या एका पोराने सांगितलं, ‘अरे, अशी पीळ पडून आतली तार तुटते.’ मग एक वळसा सरळ, एक उलटा, असं तळहातावर गुंडाळायला शिकवलं. पाऊण तास दोघं तेवढंच करत होते. महिन्याभरात डिमरचा, म्हणजे लाईट कमी-जास्त करायचा, बोर्ड त्याच्या ताब्यात गेला. आठ महिन्यांत रंगमंचावर तो एक वाक्यही बोलला नाही, आणि त्याला कुणी बोलायला लावलंही नाही. एका शनिवारी तो आला नाही, तेव्हा चौघांनी त्याला फोन केले. प्रवेशात लाईट पडले नाहीत तर नाटक अडतं, म्हणून केलेले फोन होते ते. कीव म्हणून केलेला फोन मुलांना लगेच कळतो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे त्या मुलाला वर्षभरात पहिल्यांदा कळलं असावं.

अंगातल्या कलेबद्दल एक छोटा प्रयोगही सांगते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करू दिलं. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, आधी आणि नंतर मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांचं ते उतरलं, आणि आधी कधी कला केली होती की नाही याने फरक पडला नाही. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणसं थोडी होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा यावर फार मोठं घर बांधू नये. ‘उपयोग शून्य’ म्हणणाऱ्यापाशी मात्र एवढंही नाही.

‘अभ्यासातून उठतो.’ श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघंही डॉक्टर. आगाशे तर मनोविकारतज्ज्ञ. पण मोठ्या नावांनी मला काही सिद्ध करायचं नाही. आमची बहुतेक पोरं नटही होणार नाहीत आणि डॉक्टरही. मला एवढंच दिसतं की २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात १,७६४ असा सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. यामागे एकच कारण नसतं. तरीही अभ्यासाला आणखी थोडा वेळ मिळावा म्हणून शनिवारचे तीन तास काढून घेणाऱ्याने हे आकडे एकदा वाचावेत.

‘शास्त्रीय पुरावा नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा काढला. सगळे सारख्या ताकदीचे नाहीत, पण ‘नाही’ म्हणायला जागा उरत नाही. मला जास्त जवळचं वाटतं ते गोव्यातलं काम. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. उदास माणूस एकेक काम सोडत जातो, आणि कामं सुटली की उदासी वाढते. म्हणून जमेल तेवढं, मनाला भिडणारं काम पुन्हा दिवसात आणायचं, हा त्यातला गाभा. नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेले रुग्ण जास्त सुधारले, असं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते रुग्ण प्रौढ होते, त्यात नाटक नव्हतं. पण केबल गुंडाळणाऱ्या पोराला काय मिळालं, ते मला हे वाचून उमगलं.

‘मोबाईल काढा, अभ्यासाला बसवा.’ तो पोरगा वर्षभर अभ्यासालाच बसला होता.

मेसेजात नसलेली एक गोष्ट मात्र मी कबूल करते: नाटकाची जागा दुखवूही शकते. माझ्या कॉलेजात स्पर्धेच्या तालमी पहाटे तीनपर्यंत चालायच्या आणि दिग्दर्शक सगळ्यांसमोर एका मुलीला वाटेल ते बोलायचा. तिने नाटक सोडलं, आम्ही कुणी तोंड उघडलं नाही. म्हणून आमच्या हॉलला रात्री आठला कुलूप लागतं, आणि पहिल्या वर्षी कुणालाही स्पर्धेत उतरवत नाही.

आणि नाटक म्हणजे औषध नव्हे. झोप उडालीय, जेवण तुटलंय, जगण्याबद्दल नको ते बोलणं येतंय, तर डॉक्टरच गाठायचा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट चालतो. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलीने ‘आता नाटक आहे ना’ म्हणून स्वतःच गोळ्या बंद केल्या. तिच्या आईला घेऊन आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. आता तिची गोळी रात्री साडेनऊला असते. तालीम आठला संपते, घरी जाऊन जेवायला तेवढा वेळ पुरतो.