मुंडक्याला बक्षीस, पिलाला पाळणा

स्नेक नदीच्या साउथ फोर्क या फाट्यावर गळाला रेनबो ट्राउट हा मासा लागला, तर तो पाण्यात परत सोडू नका, अशी अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या मत्स्य खात्याची विनवणी असते. काही माशांच्या नाकाडात खात्याने तारेचा बारीक तुकडा टोचून ठेवलेला असतो. मुंडकं जमा करायचं. तार निघाली तर ५० ते १००० डॉलर बक्षीस. रेनबो मूळचा तिथला नाही. तो तिथल्या यलोस्टोन कटथ्रोट ट्राउटशी जोडी जमवतो, संकरित पिलं होतात, त्यांनाही पुढे पिलं होतात आणि अस्सल कटथ्रोट हळूहळू नाहीसा होत जातो.

आता याच राज्यातलं, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराजवळचं हेन्रीज लेक हे तळं घ्या. तिथे हेच खातं याच दोन जातींचा संकर स्वतःच्या हातांनी घडवतं, कटथ्रोटची मादी आणि रेनबोचा नर, आणि पिलं वाढवून तळ्यात सोडतं. त्या दांडग्या माशांसाठी लांबलांबून लोक येतात. हवेच्या ट्यूबमध्ये बसून थंडगार पाण्यात तासन्‌तास पाय हलवत राहतात, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी जळू गळाला लावून. मासा लागला की त्याच्याकडे डोळे भरून बघतात आणि बरेचदा सोडून देतात. (सोडायचाच होता तर धरला कशाला, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण तो पुन्हा कधीतरी.)

अमेरिकेत आलो तेव्हा मला हे निव्वळ ढोंग वाटलं होतं. फरक अंड्यात आहे, हे नंतर कळलं. फलन झाल्यावर मोजक्या मिनिटांनी अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देतात. त्यामुळे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात. मासा वाढतो, पण वंध्य असतो. हा धक्का शंभर टक्के अंड्यांना लागू पडतोच असं नाही, म्हणून नमुने तपासावे लागतात. ब्राउन आणि ब्रूक ट्राउटचा संकर, म्हणजे टायगर ट्राउट, जन्मतःच वंध्य. लेक आणि ब्रूक ट्राउटचा स्प्लेक मात्र प्रजननक्षम. म्हणजे नुसतं ‘संकरित’ म्हणून काहीच कळत नाही.

हे शहाणपण इथल्या लोकांना फुकट मिळालेलं नाही. १९६२ मध्ये ग्रीन नदीच्या सुमारे ७०० किलोमीटर पात्रात रोटेनोन हे विष सोडून तिथले मूळचे मासे मारले गेले. नव्या धरणाच्या जलाशयात रेनबो सोडायचे होते आणि हे मासे कुचकामी ठरवले गेले होते. तेव्हा अमेरिकेचा आदर्श घ्या, असं सांगायला मी बसलेलो नाही.

पण पुण्याच्या मित्राशी फोनवर वाद होतो तेव्हा मी अडतो. त्याचं म्हणणं एका ओळीचं: परदेशी मासा हाकला, देशी सोडा. मांगूरबद्दल मी त्याच्या बाजूने आहे. आफ्रिकन मांगुरावर २००० सालापासून बंदी असूनही तो तळ्यांत वाढतच राहिला आणि शेवटी हरित लवादाला त्यात पडावं लागलं. चिलापीचं (म्हणजे तिलापिया, तीही परदेशीच) तसं नाही. उजनीतल्या किती घरांची चूल तिच्यावर पेटते! हेन्रीज लेकवरचा माणूस मासा सोडून घरी जातो, कारण त्याचं पोट दुसरीकडे भरतं. भीमेवरच्या माणसाला हा हिशेब कसा लावणार?

आणि ‘देशी’ म्हणजे कुठला? १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं. तो आपला. लोणावळ्याच्या वळवण तलावाशी टाटांनी त्याची पैदास केली, आणि ती बोटुकली (बोटाएवढी पिलं) कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याची जागा बव्हंशी आपल्या महसीरने घेतली आहे. हे ना परदेशी माशाने केलं, ना वाईट हेतूने. आपल्या धरणांत दरसाल सोडले जाणारे रोहू-मृगळ तरी कुठले? उत्तरेतल्या नद्यांचे. माशाला पासपोर्ट नसतो, त्याला खोरं असतं. मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, तू तिकडे जाऊन फाटे फोडायला शिकलास. शिकलो असेन.

इथलं एक मात्र मला खरंच हवंय. कोणत्या तळ्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या जातीची, किती लांबीची, किती पिलं सोडली, याची नोंद कोणालाही बघता येते. साउथ फोर्क आणि हेन्रीज लेक यांच्यातली विसंगती माझ्यासारख्या उपऱ्याला टिपता आली, ती दोन्हीकडचे आकडे उघड्यावर होते म्हणून.

मागच्या पावसाळ्यात मित्राने एक व्हिडिओ पाठवला. धरणाच्या काठी मंडप, हार, आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून पाण्यात सुटणारी बोटुकली. मी विचारलं, जात कोणती? त्याने तिथल्या दोघा-तिघांना विचारलं. मग बॅनरचा फोटो पाठवला. त्यावर पाहुण्यांची नावं होती आणि खाली लिहिलं होतं: मत्स्यबीज.