आधी पिक्सेल फिरवा, मग फॉरमॅट बदला

फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बहुतेक वेळा आडवाच साठवलेला असतो. सेन्सर आपल्या ठरलेल्या दिशेने ओळी वाचतो, समजा ४०३२ बाय ३०२४, आणि फोन सोबत एक चिठ्ठी जोडतो: दाखवताना ९० अंश उजवीकडे फिरवा. ही चिठ्ठी म्हणजे एक्झिफमधला, म्हणजे फाइलमध्ये फोटोसोबत साठवलेल्या माहितीतला, ओरिएंटेशन टॅग. त्यात १ ते ८ यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे सरळ, ३ म्हणजे उलटा, ६ आणि ८ म्हणजे पाव फेरी. उरलेल्या चारांत आरशातली प्रतिमा येते.

माझं ठाम मत आहे की फॉरमॅट बदलताना ही चिठ्ठी पुढे नेण्याच्या भानगडीत पडूच नये. फाइल उघडल्या उघडल्या पिक्सेल खरोखर फिरवा, टॅग १ करा आणि मगच रीसाइज, क्रॉप, वॉटरमार्क काय ते करा.

कारण चिठ्ठी वाटेत हरवते, नाहीतर दोनदा अमलात येते. वेबपी फाइल बनवणारं सीवेबपी हे साधन मुळात मेटाडेटा (एक्झिफसारखी सोबतची माहिती) टाकून देतं आणि पिक्सेलही फिरवत नाही. पीएनजीत एक्झिफला अधिकृत जागा मिळाली २०१७ मध्ये, आणि अजूनही बरेच प्रोग्राम तिकडे बघत नाहीत. पायथनच्या पिलो या लायब्ररीमध्ये नुसतं इमेज ओपन करून भागत नाही, एक्झिफ ट्रान्सपोज हे फंक्शन मुद्दाम वापरावं लागतं.

दोनदा फिरण्याचा घोळ एचईआयसी या फोटो फॉरमॅटमध्ये होतो. तिथे फिरवण्याची खरी सूचना कंटेनरमधल्या, म्हणजे फाइलच्या बाहेरच्या आवरणातल्या, 'आयरॉट' या नोंदीत असते आणि एक्झिफमधला आकडा फक्त माहितीपुरता. एचईआयसी उघडणारी लिबहेइफ लायब्ररी फोटो सरळ करूनच हातात देते. आता जुना एक्झिफ त्यातल्या ६ सकट नव्या जेपीईजीला चिकटवला, की बघणारा प्रोग्राम तो पुन्हा फिरवतो.

चूक कुठली झाली हे फोटोकडे बघूनच कळतं. मूळ टॅग ६ असेल आणि माणसाचं डोकं डावीकडे गेलं असेल, तर टॅग हरवला. डोकं उजवीकडे असेल, तर दोनदा लागला. मूळ टॅग ८ असेल तर याच्या बरोबर उलट.

इमेजमॅजिक या कन्व्हर्टरमध्ये ऑटो-ओरिएंट (टॅगप्रमाणे पिक्सेल फिरवणं) पहिलं, रीसाइज नंतर, स्ट्रिप (मेटाडेटा काढून टाकणं) शेवटी. रीसाइज आधी केलं तर १२०० रुंदी मागूनही हाती ९०० येते, कारण १२०० चं माप आडव्या बाजूला लागलेलं असतं. आणि ऑटो-ओरिएंट न देता नुसतं स्ट्रिप दिलं, तर फोटो कायमचा आडवा.

जेपीईजीचा जेपीईजीच ठेवायचा असेल तर मात्र पुन्हा एन्कोड करू नका, जेपीईजीट्रान हे साधन वापरा. ते ८ किंवा १६ पिक्सेलचे ठोकळे जसेच्या तसे फिरवतं. ४०३२ आणि ३०२४ दोन्हींना १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे काहीच बिघडत नाही. क्रॉप केलेल्या फोटोत भाग जात नाही आणि कडेची पट्टी अडते, म्हणून 'परफेक्ट' हा पर्याय लावा. मग भाग जात नसेल तर जेपीईजीट्रान काम करायलाच नकार देतं. नंतर एक्झिफ वाचणाऱ्या-बदलणाऱ्या एक्झिफटूलने टॅग बघा, ६ राहिला असेल तर १ करा. आतला छोटा थंबनेलही जुन्याच दिशेचा राहू शकतो, तो काढून टाका.

तपासणी ब्राउझरमध्ये नुसती नजर टाकून करू नका. २०२० पासून मोठे ब्राउझर टॅग आपणहून लावतात, त्यामुळे आतून आडवी फाइलही सरळ दिसते. रोमन एफ अक्षर असलेली, चौरस नसलेली आठ चित्रं करा, प्रत्येक आकड्याला एक. एफ फिरला तरी कळतो, आरशात गेला तरी कळतो. आठही चित्रं कन्व्हर्टरमधून काढून लांबी-रुंदी आणि टॅग दोन्ही वाचा.