रबरी चादर आता पुरे

समीकरणं गाळली की भौतिकशास्त्र सर्वांना समजतं, असा सामान्य वाचकांसाठीच्या विज्ञान पुस्तकांवरच्या त्या लेखाचा सूर दिसतो. अर्धंच पटलं. प्रत्येक समीकरणामागे खप निम्मा होईल, हा सल्ला भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९८८च्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ या पुस्तकात स्वतःच सांगितलाय आणि तिथे एकच समीकरण ठेवलंय. पण समीकरण गाळणं वेगळं आणि गणित गाळणं वेगळं!

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं प्रकाशाच्या वागण्यावरचं १९८५चं पुस्तक ‘क्यूईडी’ बघा. प्रकाशाच्या प्रत्येक संभाव्य मार्गासाठी एक छोटा बाण, सगळे बाण एकापुढे एक जोडायचे, शेवटी येणाऱ्या बाणाच्या लांबीचा वर्ग म्हणजे प्रकाश तिथे पोहोचण्याची शक्यता. चिन्हं जवळजवळ नाहीत, तरी वाचक करतो ती खरीखुरी बेरीजच. आरशाचा बराचसा भाग परावर्तनाला हातभार का लावत नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं.

उलट आइनस्टाइनच्या सापेक्षतेवरच्या पुस्तकांतली ती रबरी चादर: ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवला की खड्डा पडतो, ती म्हणे अवकाशाची वक्रता. चेंडू खड्ड्याकडे घरंगळतो तो खालच्या पृथ्वीच्या ओढीमुळेच, म्हणजे गुरुत्वाकर्षणानेच गुरुत्वाकर्षण समजावलं! शिवाय झाडावरून फळ पडतं त्यात अवकाशाच्या वक्रतेचा वाटा नगण्य. उंचीनुसार काळाचा वेग बदलतो, खरं कारण ते. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं निव्वळ गुरुत्वाच्या फरकाने रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. चादरीत हा काळ कुठे दिसतो?

भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी विश्वाच्या सुरुवातीवरच्या ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’ या १९७७च्या पुस्तकात गणित शेवटी परिशिष्टात टाकलं. ज्याला हवं त्याने वाचावं. मराठी प्रकाशकांनी ही सोय करायला काय हरकत आहे? दहावीपर्यंतचं बीजगणित आपण सगळेच शिकलोय की.