चार मुलांच्या फरकावरून शाळा बिघडल्याचा निष्कर्ष

प्राथमिक शाळांच्या प्रमाणित चाचण्यांविषयीचा (म्हणजे सर्व शाळांत एकाच धर्तीवर घेतल्या व तपासल्या जाणाऱ्या चाचण्यांविषयीचा) एक लांबलचक संदेश पालकांमध्ये फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: ज्या शाळेचा निकाल एका वर्षात दहा टक्क्यांनी घसरला ती शाळा बिघडली असे समजावे, ही घसरण म्हणजे थेट शिक्षकांची नालायकी, ज्या मुलाचा पर्सेंटाइल पन्नासच्या खाली आहे ते नापासच मानावे, आणि या सर्वांवर उपाय एकच, वर्षभर सराव चाचण्या. हा संदेश वाचून माझ्या धाकट्या बहिणीने दुसरीतल्या मुलीची शाळा बदलण्याचे जवळजवळ ठरवले आहे. मुलगी शाळेत रमली आहे, आपले आपण वाचू लागली आहे, आणि ज्या चाचणीवरून हा निर्णय होऊ घातला आहे ती तिने अजून दिलेलीही नाही. म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक दावा पहिलाच आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. संदेशात उदाहरण दिले आहे ते तिसरीच्या चाळीस मुलांचे: गेल्या वर्षी ७० टक्के मुलांनी अपेक्षित पातळी गाठली, यंदा ६० टक्के. टक्क्यांऐवजी मुले मोजली तर गेल्या वर्षी २८ आणि यंदा २४, म्हणजे सगळा फरक चार मुलांचा. शिवाय ही तीच मुले नाहीत. गेल्या वर्षीची तिसरी आता चौथीत गेली आहे आणि यंदा तिसरीत बसलेली चाळीस मुले वेगळीच आहेत. तेव्हा ‘घसरली’ या क्रियापदाला येथे कर्ताच नाही. कोणतेही मूल काल होते त्याहून खाली आलेले नाही.

आता असे समजा की दोन्ही वर्षी अध्यापन तंतोतंत सारखे होते आणि प्रत्येक मुलाने पातळी गाठण्याची शक्यता ६५ टक्के होती. तरीसुद्धा चाळीस मुलांच्या वर्गाचा निकाल निव्वळ योगायोगाने साधारण साडेसात टक्क्यांनी वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि अशा दोन वर्गांच्या निकालांत दहा टक्के किंवा त्याहून अधिक अंतर पडण्याचा संभव तीनांत एकाहून कमी नाही. म्हणजे शाळेत काहीही बदललेले नसताना असा चढ किंवा उतार दर दोन-तीन वर्षांनी दिसणारच. चाचणीच्या दिवशी दोन मुले तापाने फणफणलेली असणे, वर्षाच्या मध्यावर दोन नवी मुले दाखल होणे, एवढ्यानेही आकडा हलतो. पट चारशेचा असता तर हेच दोलन जवळपास एकतृतीयांशावर आले असते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या प्राथमिक शाळांचे निकाल तपासून २००२ साली हेच दाखवून दिले. एका वर्षाच्या निकालावरून उत्तम ठरणाऱ्या शाळांमध्ये कमी पटाच्या शाळांचा भरणा होता आणि सर्वांत वाईट ठरणाऱ्या शाळांमध्येही कमी पटाच्याच शाळांचा भरणा होता. लहान शाळा एकाच वेळी उत्कृष्टही असतात आणि निकृष्टही, असा याचा अर्थ होऊ शकत नाही; मुले कमी असली की सरासरी दोन्ही दिशांना जास्त हेलकावते, इतकाच तो होतो. अशा आकड्यावर बक्षीस दिले काय किंवा शिक्षा केली काय, ती बव्हंशी योगायोगालाच मिळते. संदेश लिहिणाऱ्याने एवढा एक अभ्यास वाचला असता तरी पहिले वाक्य लिहिताना त्याचा हात थांबला असता.

शिक्षकांवरच्या आरोपाबद्दल अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले निवेदन पुरेसे आहे. मुलांच्या गुणांमध्ये जी तफावत दिसते तिच्यातील साधारण १ ते १४ टक्के तफावतच शिक्षकाशिक्षकांमधील फरकाशी जोडता येते, असे बहुतेक अभ्यासांतून दिसते, असे त्यात म्हटले आहे. शिक्षकाचा मुलावर परिणामच होत नाही असा याचा अर्थ नव्हे, हेही त्याच निवेदनात स्पष्ट केले आहे.

पर्सेंटाइलविषयीचा दावा तर उघडच चुकीचा आहे. पन्नासावा पर्सेंटाइल म्हणजे तुलनागटातील निम्मी मुले ज्याच्या खाली आहेत तो बिंदू. सर्व मुले कितीही हुशार झाली तरी त्या गटातील निम्मी मुले त्याखालीच राहणार. त्याचा उत्तीर्ण होण्याशी संबंध नाही. याउलट सगळेच सरासरीच्या वर दिसू लागले तर शंका घ्यावी. जॉन कॅनेल या डॉक्टरांनी १९८७ मध्ये दाखवले की प्राथमिक स्तरावर अमेरिकेतील प्रत्येक राज्य स्वतःला राष्ट्रीय सरासरीच्या वर दाखवत होते. तुलनेसाठी वापरलेले जुने निकष, म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या मुलांची सरासरी, आणि चाचणीपुरते शिकवणे ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली.

सराव चाचण्यांबाबत एवढे मान्य करावे लागेल की सात-आठ वर्षांच्या मुलाला उत्तरपत्रिका कशी भरायची हे एक-दोनदा दाखवणे योग्यच आहे. त्यापुढे वर्षभर तेच केले तर गुण वाढतात, पण वाचन वाढतेच असे नाही. आणि गुणांसाठी दबाव वाढत गेला की काय घडते ते अमेरिकेतील अटलांटा शहरात दिसले: २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमध्ये उत्तरे बदलण्यासारखे गैरप्रकार आढळले, १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे त्यात आली आणि २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांची अडचण त्या वाढीव गुणांखाली दडपली गेली, आणि त्यांना मिळायला हवी होती ती मदत मिळालीच नाही.

संदेशात एक अर्धसत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही: चाचणीचे निकाल दुर्लक्षून चालत नाही. सलग तीन-चार वर्षे निकाल खाली येत असेल, किंवा तीच मुले तिसरीतून चौथीत जाताना इतर शाळांतील मुलांपेक्षा कमी प्रगती करत असतील, तर मुख्याध्यापकांना जाब विचारलाच पाहिजे. तेव्हा विचारायचे ते असे: चाचणीला किती मुले बसली, किती गैरहजर होती, घट वाचनात आहे की गणितात, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा या सत्रात नेमके काय करणार आहे.