पट्टे बघून सुरमई ओळखू नका

नांदेड-परभणीपासून संभाजीनगरपर्यंत एक मेसेज फिरतोय: उभे पट्टे असतील तीच खरी सुरमई, ठिपक्यांची नकली, सुरमईला खवले नसतात, आणि जून-जुलैत मिळते ती सुरमई नव्हेच. या सगळ्याच गोष्टी चुकीच्या आहेत.

पट्ट्यांचंच बघा. मोठ्या सुरमईच्या अंगावर 40 ते 50 बारीक नागमोडी पट्टे असतात, हे खरं. पण तोच मासा दीड फुटाच्या आत असतो तेव्हा ते सहसा 20 सुद्धा भरत नाहीत, आणि पिल्लांवर बऱ्याचदा ठिपकेच दिसतात. शिवाय ठिपक्यांची सुरमई ही त्याच कुळातली वेगळी जात आहे. तिच्या कुशीवर गोल ठिपक्यांच्या साधारण 3 ओळी असतात आणि ती अडीच फुटांच्या आसपास वाढते. पट्ट्यांची 7 फुटांच्या पुढे जाते. नकली यातली कुठलीच नाही. उलट पट्टे वाहू नावाच्या माशालाही असतात! त्याचं तोंड चोचीसारखं लांब, आणि पाठीवरच्या पहिल्या परात (पोहायच्या पंखात) 23 ते 27 काटे. पट्ट्यांच्या सुरमईत ते 15 ते 18 असतात.

पक्की खूण कुशीवरच्या रेषेची. मासा आडवा ठेवा, कल्ल्यामागून निघणाऱ्या बारीक रेषेवरून बोट शेपटीकडे न्या. पट्ट्यांच्या सुरमईत ही रेष पाठीवरचा दुसरा पर संपतो त्याच्या खाली एकदम खाली वळते. ठिपक्यांच्या सुरमईत ती हळूहळू उतरते, आणि पुढच्या भागात तिला बारीक फाटे फुटलेले असतात. बर्फात राहून रंग फिका पडतो, रेष मात्र दिसते. म्हणून मासा कापायच्या आधी अख्खा बघायला मागा.

खवले असतात, पण अगदी बारीक. जायकवाडीच्या राहू-कटल्याचे मोठाले खवले बघायची सवय असलेल्या हाताला सुरमईचं कातडं गुळगुळीत लागतं, एवढंच. राहू-कटल्याशी गल्लत टाळायची तर दुसऱ्या परापासून शेपटीपर्यंत, पाठीवर आणि पोटाखाली, 8 ते 10 छोट्या सुट्या परांची रांग बघा. ती राहू-कटल्याला नसते. नुसते तुकडेच समोर असतील तर मांसात रुतलेले वाय आकाराचे बारीक काटे शोधा. ते निघाले की ती सुरमई नव्हे.

राहिला पावसाळा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी मात्र 14 जूनला संपते. आंध्रातून येणारा वंजरम म्हणजे सुरमईच.

खरी काळजी हिस्टामिन या बाधणाऱ्या द्रव्याची घ्यायला हवी, आणि त्यावर मेसेजात एक अक्षर नाही. उन्हात बर्फ वितळला की या कुळातल्या माशांत हिस्टामिन तयार होतं. ते वासावरून ओळखू येईलच असं नाही, आणि तळून किंवा शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ उठतं, डोकं ठणकतं. लोक त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात. पेटीत बर्फ संपून नुसतं कोमट पाणी उरलं असेल, तर पट्टे कितीही ठळक असोत, तो मासा घेऊ नका.