कोल्ह्याचं तोंड आणि तात्यांचं
माझी पिंगट कोंबडी तोंडात धरून कोल्हा परसातून माडांच्या बागेत शिरला तेव्हा साडेपाच वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि कुंपणाच्या चिऱ्यांवर बसून शेजारचे तात्या विडी ओढत होते. मी खराटा घेऊन धावले. तात्यांनी विडी बाजूला धरली आणि माझं अभिनंदन केलं.

"कोल्याचा तोंड बघलंस गो! नशीब काढलंस. आठ दिसांत कायतरी बरा होतला बघ."

"माजी कोंबडी होती त्याच्या तोंडात, तात्यानू."

"व्हय ता. पण तोंड तर बघलंस मा?"

यावर काय बोलणार? कोल्ह्याचं दर्शन शुभ असतं म्हणतात. कोणासाठी ते मात्र कोणी सांगत नाही.

कोल्हा लबाड, कोल्हा धूर्त, हे गोष्टींतलं. परसातला कोल्हा नुसता वक्तशीर असतो. तिन्हीसांजेला एक फेरी, पहाटे उजाडायच्या आधी एक. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला पिल्लं झाली की मात्र पोटं वाढतात आणि साहेब भर उन्हात कामावर येतात. म्हणून "दिवसा काय होतंय, सोड मोकळ्या" हे वर्षभर खरं असणारं वाक्य उन्हाळ्यात खोटं पडतं. या दिवसांत कोंबड्या सकाळी ऊन चांगलं वर आल्यावरच सोडायच्या आणि दुपार कलली की आत घ्यायच्या. आत घेणं म्हणजे मागे धावणं नव्हे. धावलात तर त्या शेजाऱ्याच्या बागेत जातात आणि शेजारी तुम्हाला सल्ला देतो. रोज ठरल्या वेळी खुराड्याच्या दारात मूठभर कणी टाकायची आणि एकाच आवाजात हाक मारायची. दोन आठवड्यांत हाकेसरशी येतात. मग मोजायच्या. न मोजता दार लावणाऱ्याचं खुराडं हळूहळू रिकामं होतं आणि त्याला वाटतं, कोणीतरी नजर लावली.

मोजणीत एक कोंबडी कायम कमी भरते ती बहुतेक खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेली असते. गावठी कोंबडीला अंडी लपवून घालायची हौस, कुठेतरी करवंदीच्या जाळीत नाहीतर गवताच्या उडवीमागे. तिथे ती एकवीस दिवस बसणार. त्या एकवीस रात्रींतली एक कोल्ह्याची. तिला दिवसा उचललं तर ती हट्टाने परत तिथेच जाते. अंधार पडल्यावर उचलायची, अंड्यांसकट, आणि पेंढा घातलेल्या टोपलीत आत ठेवायची. रात्री कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे सकाळपर्यंत तिला नवी जागा आपलीच वाटू लागते. दोन दिवस दार बंद, दाणापाणी आतच.

आता जाळी. दुकानात "कोंबड्यांसाठी जाळी द्या" म्हटलं की ती षट्कोनी भोकांची पातळ जाळी गुंडाळून हातात देतात. कोंबड्या आत ठेवायला ती उत्तम आहे. कोल्ह्याला बाहेर ठेवायला तिचा काही उपयोग नाही. तार इतकी बारीक की तो दातात धरून ओढतो, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत ती गंजून हाताने मोडते. हवी असते ती वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्ड केलेली जाळी, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, जस्ताचा मुलामा दिलेली. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानदाराला तोंडावर सांगावं लागतं. सगळं खुराडं तिने मढवणं परवडत नसेल तर खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाची, वर एक इंचाची. अर्धा इंच कोल्ह्यासाठी नाही, सापासाठी आणि मुंगसासाठी. ती चौकटीवर नुसत्या यू खिळ्यांनी मारली की एका रात्री एक कोपरा सुटतो आणि कोल्ह्याला एक कोपरा पुरतो. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून, वीत-वीत अंतरावर स्क्रू मारायचे.

आणि जमिनीलगत झालर. इथे बहुतेकांची मेहनत फुकट जाते, कारण जाळी उभी गाडायची म्हणून फूट-दीड फूट चर खणतात. जांभ्यात चर खणणं म्हणजे काय ते खणणाऱ्याला विचारा. काही गरज नसते. दोन फूट रुंदीची जाळी घ्यायची, भिंतीच्या जाळीला खाली बाइंडिंगच्या तारेने बांधायची आणि बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरायची. कडेला चिरे ठेवायचे. पावसात गवत तिच्यातून वर येतं आणि ती दिसेनाशी होते. कोल्हा उकरतो तो भिंतीला नाक लावून, अगदी बुडाशी. तिथे नखाखाली जाळी लागते. दोन फूट मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. इतका धूर्त.

हे काम चालू असताना तात्या रोज हजर. पक्कड धरायला नाही, बघायला. "ह्येचो काय उपयोग नाय," हे पहिलं वाक्य. मग उपाय. जुन्या साड्या बांध. रेडिओ लाव. न्हाव्याकडचे केस आणून पसर. लाल लुकलुकती बत्ती टांग. बत्तीत थोडं तथ्य आहे. कोल्ह्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून दीड फुटावर, लावली तर पहिले काही दिवस तो बिचकतो. पण जागा बदलत राहिली नाही तर आठवड्याभरात त्याला कळतं की या बत्तीमागे माणूस नाही. रेडिओचं तेच. साड्यांना रानडुक्कर कदाचित दबकेल, कोल्हा खालून जातो. केसांबद्दल तात्यांनाच विचारलं, "तुमी केलेलास?" तर म्हणाले, "माका खय केस होते?"

मग एका संध्याकाळी त्यांनी खरा उपाय काढला.

"राखण दिलंस काय गो औंदा?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या सिंधुदुर्गात जमिनीला राखणदार असतो, आणि वर्षातून एकदा त्याला मान द्यावा लागतो. नारळ, आणि बहुतेक ठिकाणी कोंबडा.

"म्हणजे कोंबडे वाचूक कोंबो कापूचो?"

"एक गेलो तर धा ऱ्हवतत. हिशोब कर."

हिशोब मी केला. माझ्याकडे कोंबडा एकच. आणि परसात कोल्ह्याविरुद्ध फुकटात मिळणारी जी काही यंत्रणा असते ती म्हणजे कोंबडाच. तो दाणे कमी टिपतो आणि मान जास्त फिरवतो. वरून शिक्रा आला तर त्याची ओरड वेगळी, लांबट आणि बारीक. ती ऐकून कोंबड्या झुडपाखाली दडपून बसतात. जमिनीवरून कोल्हा किंवा कुत्रा आला तर तुटक तुटक कटकटाट, आणि मग कोंबड्या मान उंच करून पळतात किंवा उंचावर चढतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. त्यालाच राखणदाराला द्यायचं म्हणजे पहारेकऱ्याचाच बळी. हे मी तात्यांना माझ्या परीने सांगितलं. ते तोवर उठून, टोपी सारखी करून, दोन्ही हात जोडून उभे राहिले होते.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा! आज ह्या लेकराची कोंबडी जी काय कोल्यान व्हरली हा..."

इथे ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. देवाला घातलेल्या अशा गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला समोरच्याने होकार भरायचा असतो. हातात पक्कड, तोंडात दोन स्क्रू, तरी मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"त्येचा जा काय चुकलामाकला आसात ता पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा." (माझं काय चुकलं होतं?)

"कोल्याची वाट बदल, त्येका दुसऱ्या वाडीत घाल..."

"व्हय म्हाराजा!" हे मी मनापासून म्हटलं.

"आणि येत्या आयतवारी हय जो काय कोंबो..."

मी स्क्रू थुंकले. "तात्यानू, नारळ सांगा."

"नारळावर भागाचा नाय ता."

राखणदाराचं नारळावर भागलं असतं. भागणार नव्हतं कोणाचं ते मला ठाऊक होतं, कारण राखणीचा प्रसाद वाटायला आमच्या भागात तात्यांशिवाय कोण आहे?

इथवर हसण्यावारी नेता आलं. पण रविवारी तात्यांच्या घरी कोंबडी शिजते, आणि त्या कोंबडीची पिसं, आतडी, पाय, मुंडकं हे सगळं एका पिशवीतून आमच्या दोघांच्या मधल्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे जातं. ते तिथे पडतं, सोमवारी सकाळी नसतं. "देवाक सगळा साफ करता येता," असं तात्या म्हणतात. देव नव्हे, कोल्हा. दर आठवड्याला, ठरलेल्या जागी, माझ्या खुराड्यापासून दहा पावलांवर. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण खोटी नाही: फणस, बोरं, करवंदं, खेकडे, उंदीर, काहीही खातो बिचारा. त्याला कोंबडीची चव आणि पत्ता कोणी दिला? हा टाकाऊ माल दोन फूट खोल पुरून वर माती दाबली, त्यावर एक जड चिरा ठेवला, की वास बंद. अर्ध्या तासाचं काम. हे दोनदा सांगून झालं आहे. उत्तर आलं की आमच्या आज्यापासून तिथेच टाकतात. रस्त्याकडेला पोती ओतणाऱ्या चिकनवाल्यांना तरी कोण विचारतं म्हणा.

सगळा दोष कोल्ह्यावर टाकण्याआधी पिसं बघावी, हेही कोणी बघत नाही. पिसांचा एक पुंजका, मग ओळीने दोन-चार पिसं आणि कोंबडी गायब, तर कोल्हा; तो उचलून नेतो. मान किंवा डोकं फोडलेलं आणि बाकी धड तिथेच, तर मुंगसाचा संशय घ्यावा. एकाच वेळी पाच-सहा मारून, चिवडून, न खाता टाकलेल्या, तर बहुतेक वेळा गावातले मोकाट कुत्रे, ज्यांच्याबद्दल तात्या कधी बोलत नाहीत कारण त्यातला एक त्यांचा आहे. आणि रात्री जाळीतून बाहेर ओढलेला नुसता पंख दिसला तर दांडी जाळीला चिकटून आहे असं समजावं. बसायची दांडी जाळीपासून फूटभर आत हवी. दर कोंबडीला आठ-दहा इंच.

तात्यांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला तेव्हा त्याने त्याहून भारी उपाय सांगितला: "घरातल्या लाइटची वायर सोड तारेत." ही थट्टा नाही, लोक खरंच सोडतात. त्यात माणसं मरतात, गुरं मरतात आणि सोडणारा तुरुंगात जातो. कुंपणाच्या तारेला जोडायचं झटका मशीन वेगळं. ते सेकंदाला एकदा, क्षणार्धाचा ठोका देतं. लागतो जोरात, जीव घेत नाही. कोल्ह्यासाठी तीन तारा, जमिनीपासून सहा, बारा आणि अठरा इंचांवर, कारण ठोका त्याच्या ओल्या नाकाला बसायला हवा. अंगावरच्या केसांना लागला तर त्याला कळतही नाही. मशीन नवं आणि झटका नाही, अशी तक्रार उन्हाळ्यात हमखास येते. मशीन ठीक असतं, अर्थिंग कोरडं असतं. तीन-चार फुटांचे तीन जस्ती रॉड अंतरा-अंतरावर ठोकायचे, आणि मे महिन्यात त्यांच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं. श्रावणात उलटं: गवत तारेला टेकतं आणि सगळा झटका गवतात जातो. कोयती घेऊन दर आठवड्याला फिरावं लागतं.

विषाचं मात्र नाव काढायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे. मारणं, फासे लावणं, विष घालणं हा गुन्हा, आणि ते विष आधी तात्यांचा कुत्रा खाणार. खराटा घेऊन धावणंही बरं नव्हे. जो कोल्हा भर दिवसा झिंगल्यासारखा चालतो, माणसाला बघून बाजूला होत नाही, त्याच्या जवळ जायचंच नाही, वनखात्याला कळवायचं. 2024 मध्ये मुंबईत चेंबूरकडे मेलेल्या कोल्ह्यांना रेबीज असल्याचं तपासणीत निघालं होतं. हो, मुंबईत. खाडीच्या कांदळवनांत कोल्हे राहतात. हे तात्यांच्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, "काकी, आमच्याकडे फ्लॅट आहे." बरं.

दाराबद्दल एवढंच की कडी नुसती अडकवून ठेवू नये. नाकाने ढोसून ढोसून ती उचकटते. कडीत खिट्टी घालायची, आणि दार व चौकट यांच्यात बोट जाईल इतकी फट असेल तर तिथे पट्टी ठोकायची, मुंगसाला आत यायला तेवढी पुरते. खांब लाकडी असतील तर जमिनीत जाणारा भाग डांबरात बुडवून मगच रोवावा, नाहीतर कोल्ह्याआधी वाळवी आत येते.

काम संपत आलं होतं. पूर्वेच्या बाजूची झालर तेवढी राहिली होती आणि तिच्यापुरती जाळी मी मोजून बाजूला ठेवली होती. परवा सकाळी बघते तर तात्यांच्या खळ्यात सुके बांगडे वाळत घातलेले आणि त्यांच्यावर माझी अर्धा इंची, जस्ताच्या मुलाम्याची वेल्डमेश, चारी बाजूंनी चिरे ठेवून अगदी शिस्तीत दाबलेली.

"मांजर लय झाला गो," तात्या म्हणाले. "तुझी जाळी पडानच होती."

बांगडे वाळायला अजून चार दिवस लागतील म्हणतात. तोवर पूर्वेकडे मी चिरे रचून ठेवले आहेत.